फोर-व्हीलचा दिवा लागतो, पण पुढची चाकं ओढत नाहीत? हब बदलण्याआधी हे तपासा

गेल्या जुलैत गगनबावड्याच्या अलीकडे शेतातल्या वाटेवर आमची गाडी रुतली. नॉब फोर-हायवर (म्हणजे चारही चाकांना जोर), समोर हिरवा दिवा, मागची चाकं चिखल उडवतायत आणि पुढची दोन्ही ढिम्म. शेवटी ट्रॅक्टर लावून काढली. कोल्हापुरात गॅरेजला दाखवली तर उत्तर मिळालं, ‘दोन्ही हब गेलेत, नवीन टाका.’ प्रत्यक्षात फुटलं होतं डाव्या चाकामागचं, व्हॅक्यूमच्या पाइपचं बोटभर लांबीचं रबरी एल्बो, म्हणजे वाकडा सांधा. मोठ्या एसयूव्ही वापरणाऱ्यांचा असा नाहक खर्च होऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट समजून घ्या. बऱ्याच गाड्यांत तो दिवा फक्त ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाचा जोर पुढे-मागे वाटणारा गिअरचा डबा, जोडली गेल्याचं सांगतो. पुढच्या ॲक्सल शाफ्टला चाकाशी जोडतो तो हब, आणि तो जुळला की नाही हे दिव्याला कळत नाही. आमच्यासारख्या गाडीत हा हब व्हॅक्यूमने, म्हणजे पंपाने पाइपातली हवा ओढून घेतली की जुळतो. शिवाय साध्या डिफरन्शियलमध्ये (डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारे गिअर) एका बाजूचा हब सुटा राहिला, तर सगळा जोर त्या मोकळ्या शाफ्टला फिरवण्यात जातो. दुसऱ्या बाजूचा हब चांगला असूनही ते चाक ओढत नाही. म्हणजे एका बाजूच्या बिघाडाने दोन्ही चाकं मेल्यासारखी दिसतात.

हब जुळतोय का, ते पाहा. सपाट जागेवर मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, हँडब्रेक ओढा, पुढची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका. गिअर न्यूट्रल, इंजिन चालू, नॉब फोर-हायवर. आता उजवं चाक हाताने हळू फिरवा. दोन्ही हब जुळले असतील तर डावं चाक उलट्या दिशेने फिरेल. उजवं चाक फिरतंय पण त्याच्यामागचा शाफ्ट जागचा हलत नाही, तर दोष उजवीकडे. दोन्ही शाफ्ट फिरतायत आणि डावं चाक स्थिर आहे, तर दोष डावीकडे.

मग पंप. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा आपोआप व्हॅक्यूम तयार होत नाही, त्यासाठी वेगळा पंप असतो. ब्रेक पेडल हलकं करणारा बूस्टरही त्याच्यावरच चालतो. त्यामुळे ब्रेक पेडल कडक लागत असेल तर हबचा विषय बाजूला ठेवा आणि आधी पंप बघा, ते जिवाचं काम आहे. गेज लावलात तर आकडा वाचताना आपली उंची लक्षात घ्या. समुद्रसपाटीला हवेचा दाब 760 मिमी पारा असतो, कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटरवर, इथे तो 710 च्या आसपास भरतो, म्हणजे व्हॅक्यूमचा आकडाही त्याच्या पुढे जाऊ शकत नाही. इंजिन आयडलवर असताना 600 च्या पुढे आकडा आला तर पंप ठीक समजा.

आता पाइप, आणि इथे घाई करू नका. पंपापासून सोलेनॉइड व्हॉल्व्हपर्यंत (विजेवर उघडून व्हॅक्यूम हबकडे सोडणारी झडप) आणि तिथून प्रत्येक चाकापर्यंत बोट फिरवत जा. स्टिअरिंग एका टोकाला पूर्ण वळवा, मग दुसऱ्या. चाकाजवळचं रबर सरळ असताना धड दिसतं, वळवल्यावर त्याची चीर उघडते. आमचं एल्बो असंच सापडलं. उसाच्या फडाजवळ शेडमध्ये गाडी लावत असाल तर उंदरांनी कुरतडलेली जागाही शोधा. बदलायला जाड भिंतीचाच व्हॅक्यूम पाइप घ्या, पातळ पाइप आतून चिकटतो.

हातपंपाची परीक्षा. गेज असलेला व्हॅक्यूमचा हातपंप उद्यमनगरातल्या एखाद्या ओळखीच्या मिस्त्रीकडे मागून बघा. चाकाजवळचा पाइप काढून हबच्या बाजूला 500 मिमी पारा इतका व्हॅक्यूम ओढा आणि मिनिटभर थांबा. काटा टिकला तर ती बाजू घट्ट आहे. भराभर खाली आला तर हबची ओ-रिंग किंवा ॲक्सल शाफ्टचं सील गळतंय. ही गळती पावसाळ्यात दुप्पट घातक, कारण फटीतून व्हॅक्यूम चिखलाचं पाणी आत ओढून घेतो. पुराच्या पाण्यातून गाडी गेली असेल तर हब उघडाच. आतलं ग्रीस दुधाळ दिसलं तर बेअरिंगपर्यंत सगळं धुऊन नवं भरा.

दोन्ही बाजू घट्ट असूनही हब जुळत नसेल, तर सोलेनॉइड वगळून पंपाचा पाइप थेट हबकडे जोडून पाहा. जुळला तर दोष सोलेनॉइडचा किंवा त्याच्या वायरिंगचा. सगळ्या गाड्यांत मात्र व्यवस्था एकसारखी नसते. फोर्डच्या एफ-150 मध्ये 2004 पासून उलटी रचना आहे, तिथे व्हॅक्यूम हबला सुटं ठेवतो, त्यामुळे गळती झाली की टू-व्हीलमध्येच पुढून करकर आवाज येतो. म्हणून आपल्या गाडीचं मॅन्युअल आधी वाचा.

हब बसवताना मिस्त्रीला एक सांगाच: आत ग्रीस ठासून भरू नका. सरकणारी रिंग त्यात अडकते आणि चांगला हब नापास होतो. पातळ थर पुरे.

आणि महिन्यातून एकदा, ऊस तुटून गेलेल्या रानात किंवा मुरमाच्या वाटेवर, फोर-हाय लावून शंभर-दोनशे मीटर चालवा. कोरड्या डांबरावर नको, तिथे पुढच्या-मागच्या चाकांच्या ओढाताणीने ट्रान्सफर केसवर ताण येतो. मे महिन्यात एकदा स्टँडवरची परीक्षाही उरकून घ्या, रोहिण्या बरसायच्या आत.