पाटाखालच्या शेतीसाठी नत्राचे गावनियम कसे करावेत

कोकणात पावसाळा सरल्यावर पाटाच्या, नदीच्या किंवा पंपाच्या पाण्यावर वायंगण (उन्हाळी) भात, कलिंगड, भाजीपाला आणि नारळ-सुपारीच्या बागा उभ्या राहतात. या शेतीत पिकाला न लागलेले नत्र, त्यातला हवेत उडून जाणारा भाग सोडला तर, बहुतेक वेळा उताराखालच्या विहिरीत उतरते किंवा व्हाळातून (ओढ्यातून) खाडीला मिळते. कारखान्याचे सांडपाणी नळाच्या तोंडाशी पकडता येते. शेतातले नत्र तसे पकडता येत नाही. 1974 च्या जलप्रदूषण कायद्यातील कलम 24 प्रवाहात किंवा विहिरीत जाणूनबुजून दूषित द्रव्य सोडण्यास मनाई करते, परंतु अनेकांच्या कुणग्यांमधून (भातखाचरांमधून) झिरपलेल्या पाण्यात कोणाचा युरिया किती हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून गावाने नियम पाण्यातील मात्रेवर न बांधता शेतातील कृतीवर बांधावा, म्हणजे खत कोठे, केव्हा, कसे आणि किती टाकले यावर, आणि नियम मोडला तर तो मेरेवर (बांधावर) उभे राहून दिसेल इतका साधा ठेवावा.

आधी विहिरी तपासाव्यात

शेतातले नत्र विहिरीत उतरते ते मुख्यतः नायट्रेटच्या रूपात. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकानुसार (आय.एस. 10500) मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे आणि तिला सवलत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल हाती आला की आकडा 'नायट्रेट'चा आहे की 'नायट्रेटमधील नत्रा'चा, हे प्रथम पाहावे; दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला आकडा 4.43 ने गुणला की पहिला मिळतो. हा फरक न पाहिल्याने 12 आकडा वाचून निश्चिंत राहणे सहज घडते, आणि ते पाणी प्रत्यक्षात 53 चे असते.

जलजीवन मिशनमधील क्षेत्रीय तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण गावातील महिलांना दिले जाते, त्यामुळे प्राथमिक चाळणी गावातच होऊ शकते. संशयित विहिरींचे नमुने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत, थंड ठेवून आणि शक्यतो दोन दिवसांच्या आत पोहोचतील असे पाठवावेत. ऑक्टोबरात एकदा आणि एप्रिल-मे महिन्यांत एकदा, दरवर्षी त्याच विहिरीचा, असा क्रम ठेवला तरच तुलनेला अर्थ राहतो. विहिरीच्या वरच्या अंगाला शौचालयाचा शोषखड्डा किंवा शेणाची गायरी (खतखड्डा) आहे का हेही त्याच वेळी नोंदवावे. नायट्रेट तेथूनही येते, आणि खापर फक्त शेतकऱ्यावर फोडले की सभा तेथेच मोडते.

आकडा 45 च्या वर गेला तर नियमांची वाट न पाहता सहा महिन्यांच्या आतील बाळांसाठी दुसऱ्या उद्भवाचे पाणी द्यावे, कारण त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता यामुळे घटू शकते. टी.सी.एल. (ब्लीचिंग पावडर) टाकल्याने नायट्रेट जात नाही; उकळल्याने तर पाणी आटून ते अधिक दाट होते.

अधिकार कोणाचा

ग्रामसभेच्या ठरावाला नैतिक वजन मोठे असले तरी पाण्यावरचा प्रत्यक्ष ताबा, जेथे कालवा आहे तेथे, 2005 च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याखाली स्थापन झालेल्या पाणी वापर संस्थेकडे असतो. तिलारीच्या कालव्यावर किंवा कर्जतच्या राजनाल्यावर जेथे पाणी पाळीने मिळते, तेथे नियम पाणीपाळीला जोडणे हाच सर्वांत व्यवहार्य मार्ग आहे. जेथे शेती खासगी पंपावर आहे तेथे ग्रामपंचायत आणि ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती यांनी पुढाकार घ्यावा आणि राज्यात 2014 पासून लागू असलेल्या भूजल अधिनियमाचा ठरावात उल्लेख करावा.

2 ऑक्टोबरची ग्रामसभा यासाठी सोयीची, कारण वायंगणाची तयारी तेव्हा सुरू व्हायची असते. जमीनमालक मुंबईत आणि कसणारा खंडकरी, ही स्थिती किनारपट्टीवर सर्रास असल्याने नियम सातबाऱ्यावरील नावाला नव्हे, तर त्या हंगामात जो कसतो त्याला लागू आहे, असे ठरावात स्पष्ट लिहावे. खंडाने दिलेल्या कलिंगडाच्या शेतात हे कलम नसल्यास कोणीच जबाबदार राहत नाही.

मसुद्यात काय असावे

पहिला नियम जागेचा. पिण्याच्या विहिरीभोवती रासायनिक नत्र आणि कच्चे शेणखत टाकण्यास बंदी असावी, परंतु सर्व बाजूंनी सारखेच अंतर ठेवणे मला योग्य वाटत नाही. जांभ्याच्या भेगांतून पाणी वेगाने उतरते आणि ते उताराच्या दिशेनेच येते. म्हणून वरच्या अंगाला 30 मीटर आणि खालच्या अंगाला 10 मीटर असे काहीसे ठरवावे, चुन्याने खुणा कराव्यात आणि दगड पुरावेत.

दुसरा नियम वेळेचा, आणि तो सर्वांत जास्त उपयोगी. युरोपात 1991 च्या नायट्रेट निर्देशानुसार ठरावीक काळात खत टाकण्यास मनाई असते. तेथे तो काळ मुख्यतः हिवाळ्याचा असतो. आपल्याकडे धोका पाण्याच्या पाळीचा आणि पहिल्या पावसाचा. भाजीपाल्याच्या हलक्या जमिनीत युरिया टाकून लगेच सरीभर पाणी सोडले की तो मुळांच्या खाली जातो. म्हणून तेथे हप्ते लहान करावेत आणि पाणी हलके द्यावे, ठिबक असल्यास खत त्यातूनच द्यावे. भातात प्रकार वेगळा असतो. साचलेल्या पाण्याखाली नायट्रेटचा बराच भाग जिवाणूंमुळे वायुरूपाने निघून जातो, त्यामुळे तेथे खरे नुकसान मेर फुटून किंवा कुणग्याचे पाणी सोडण्याचे तोंड उघडे राहून वाहून जाण्याने होते. म्हणून नियम असा करावा की वरखत टाकण्यापूर्वी कुणग्यातले पाणी कमी करावे, खत टाकल्यावर किमान पाच दिवस तोंड बंद ठेवावे आणि या काळात त्या कुणग्यातून पाणी खाली सोडू नये. कलिंगडात फळे पोसू लागल्यावर युरिया बंद करावा; मे महिन्यात जमिनीत उरलेले नत्र जूनच्या पहिल्या सरींबरोबर विहिरीकडे निघते.

तिसरा नियम पद्धतीचा, पण तो सक्तीचा न करता सवलतीचा ठेवावा. चारसूत्री भात पद्धतीत युरिया-डीएपीच्या 2.7 ग्रॅमच्या गोळ्या चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध, लावणीच्याच दिवशी, चिखलात सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचल्या जातात. हेक्टरी सुमारे 170 किलो गोळ्या लागतात आणि त्यांतून साठ किलोच्या आतच नत्र पडते. गोळी चिखलात खोल असल्याने वरच्या पाण्यात विद्राव्य नत्र फारच थोडे राहते. हाताने खोचण्याचे काम कंटाळवाणे आहे आणि मजूर मिळत नाहीत, ही तक्रार खरी आहे. म्हणूनच जो ही पद्धत वापरील त्याला तोंड बंद ठेवण्याच्या अटीतून मोकळीक देऊन पाळीत प्राधान्य द्यावे.

हिशोबाची वही

कॅलिफोर्नियाच्या बागायती पट्ट्यात शेतकऱ्याला दिलेले नत्र आणि पिकाने उचललेले नत्र यांच्यातील फरक कळवावा लागतो. तोच हिशोब येथे वहीच्या एका पानावर मावतो. युरियात 46 टक्के नत्र असते, म्हणजे 45 किलोच्या गोणीत 20.7 किलो, डीएपीच्या 50 किलोच्या गोणीत 9 किलो, टनभर शेणखतात साधारण 5 किलो. भाताचे टनभर उत्पादन पेंढ्यासह सुमारे 15 ते 20 किलो नत्र उचलते. समजा, एकरी 20 क्विंटल वायंगण भात येते, तर पिकाने 30 ते 40 किलो उचलले. शेतकऱ्याने तीन गोण्या युरिया टाकला असेल तर त्याने 62 किलो दिले. वरचे 22 ते 32 किलो कोठे गेले, हा प्रश्न त्याच्यापुढे आकड्यातच उभा राहतो, आणि गोणी त्याने स्वतःच्या पैशाने घेतलेली असते. फरकावर पहिल्या वर्षी दंड ठेवू नये. भीतीने लिहिलेले आकडे निरुपयोगी असतात.

वहीत गट क्रमांक, कसणाऱ्याचे नाव, पीक, क्षेत्र, खताची तारीख, गोण्या, शेणखताच्या गाड्या आणि पाळीची तारीख इतके रकाने पुरेत. कृषी सेवा केंद्राच्या पॉस (विक्री नोंदवणाऱ्या) यंत्रावरची नोंद याची जागा घेऊ शकत नाही. तिथे खरेदीदार कळतो, शेत कळत नाही.

अंमल

पाटकरी (पाटाचे पाणी वाटणारा) किंवा गावाचा जलसुरक्षक यांनी पाळीच्या दिवशी तोंडे आणि विहिरींच्या खुणा पाहाव्यात. पहिल्या उल्लंघनाला लेखी समज, दुसऱ्याला त्या शेताची पाळी शेवटी, तिसऱ्याला संस्थेच्या नियमांनुसार आकार. यापेक्षा लांब शिडी करू नये. पाळी पूर्णपणे बंद करण्याची तरतूद टाळावी, कारण उभे पीक वाळले की वाद न्यायालयात जातो आणि नियम कागदावर राहतो. नायट्रेट 30 च्या वर गेलेल्या विहिरींच्या वरच्या अंगाची शेते आधी निवडून सुरुवात करावी. भूजल हळू बदलते, तेव्हा एका हंगामात आकडा उतरला नाही म्हणून नियम गुंडाळू नयेत. तीन वर्षांच्या मे महिन्यांचे आकडे आणि वह्या समोर ठेवून, तालुका कृषी अधिकाऱ्यांना बोलावून, अंतरे आणि दिवस नव्याने ठरवावेत.