इसबासाठी घरचं मलम: पाण्याचा थेंबही न घालता

इसबाच्या कातडीत पाणी टिकत नाही. ती कोरडी पडते, खाजते, आणि खाजवलं की आणखी फुटते. घरच्या मलमाकडून एकच काम घ्यायचं: आंघोळीत कातडीने घेतलेलं पाणी आत कोंडून ठेवायचं. इसब बरा करणं हे त्याचं काम नाही. म्हणूनच त्यात कडुनिंब, कापूर, लिंबू, हळद यांपैकी काहीच लागत नाही. सांगलीत बसून हळद नको म्हणणं जिवावर येतं, पण फुटलेल्या कातडीवर ती काहींना झोंबते, काहींना तिचीच ॲलर्जी येते, आणि पिवळ्या रंगाखाली लाली वाढली की उतरली तेच कळत नाही. सुवासिक अर्कांचे थेंबही नकोत, त्यांनी खाज वाढल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

आधी तो इसबच आहे ना, हे बघा. कडा उठावदार, मधला भाग साफ आणि गोल वाढत चाललेला चट्टा असेल तर तो बहुधा नायटा. त्याला बुरशीचं औषध लागतं, मलमाने तो नुसता चोपडा होतो. रात्री बोटांच्या बेचक्यात खाज सुटते आणि घरातल्या दोघा-तिघांना एकदमच सुटली असेल तर खरजेचा संशय घ्या. रानात काम करणाऱ्यांच्या मानेवर, पापण्यांवर, कोपराच्या खोबणीत चट्टे उठत असतील तर बांधावरचं गाजर गवत आठवा. ते उपटताना हात उघडे असतील तर कुठलंही मलम पुरं पडणार नाही.

विकतच्या क्रीममध्ये तेल आणि पाणी एकत्र असतं, म्हणून ती मऊ आणि हलकी लागते. घरी तसं करायला गेलं की त्या पाण्यात जंतू वाढतात. बुरशीचा ठिपका दिसायच्या कितीतरी आधी ते वाढलेले असतात, आणि इसबाची कातडी आधीच उघडी. जंतू रोखायला मोजून घातलेलं संरक्षक द्रव्य लागतं, ते स्वयंपाकघरात जमत नाही. ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून घातली म्हणजे मलम टिकतं, हा गैरसमज आहे. तिने तेल खवट व्हायला जरा उशीर लागतो, जंतूंना काही होत नाही. कोरफडीचा गर आणि गुलाबपाणीही याच कारणासाठी बाद. कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक तर वेगळाच झोंबतो.

१०० ग्रॅम मलमासाठी खोबरेल ५० ग्रॅम, रिफाइंड सूर्यफूल तेल २० ग्रॅम, कोकमाचं तेल १५ ग्रॅम आणि मधमाशीचं मेण १५ ग्रॅम. सगळं वजनावर घ्या, वाटी-चमच्यावर नको. मेणाचे ३ ग्रॅम इकडचे तिकडे झाले की मलमाचा पोत बदलतो. खोबरेल बिनवासाचं किंवा घाण्याचं चालेल, केसांना लावायचं सुगंधी नको. कोकमाचं तेल कोकणातून येतं, घट्ट पांढुरक्या गोळ्यांत मिळतं. टाचांच्या भेगांना लावतात तेच. शेंगदाण्याचं तेल घरात हाताशी असलं तरी वापरू नका, विशेषतः तान्ह्या बाळांना. फुटक्या कातडीतून शेंगदाण्याची ओळख झाली तर पुढे त्याची ॲलर्जी जडण्याचा धोका असतो. मोहरीचं तेल जळजळ करतं. ऑलिव्ह तेलाने कातडीचा थर मजबूत होण्याऐवजी कमकुवत होतो, कितीही महाग असलं तरी.

मेण मिळवायला सातारकरांना लांब जावं लागत नाही. महाबळेश्वरच्या बाजूला मधपाळ पुष्कळ, आणि तिथलंच मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. खरं मेण हाताच्या उबेने मऊ होतं, त्याला मधाचा मंद वास येतो. मेणबत्तीचं मेण बिनवासाचं, निसरडं असतं, नखाने खरवडलं तर त्याचा भुगा पडतो. पोळ्याचं कच्चं मेण मिळालं तर ते पाण्यात घालून मंद आचेवर वितळवा, जुन्या धोतराच्या कापडातून गाळा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी वर चकती तरंगते. तिच्या बुडाला चिकटलेला काळा गाळ सुरीने खरवडा आणि चकती दोन दिवस सुकू द्या. आत ओल राहिली तर ती थेट मलमात उतरते.

बरणी काचेची, रुंद तोंडाची घ्या. उकळून घेतली की उन्हात पालथी न ठेवता उताणी ठेवा, म्हणजे आतली वाफ निघून जाते. पातेल्यात दोन बोटं पाणी तापवा आणि त्यात स्टीलचं भांडं असं बसवा की पाणी आत उडणार नाही. गॅसवर थेट भांडं ठेवू नका. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, थेट आचेवर ते बघता बघता करपतं. आधी किसलेलं मेण आणि कोकमाचं तेल, ते पूर्ण पातळ झालं की खोबरेल आणि शेवटी सूर्यफूल तेल. गार तेल पडलं की मेणाच्या पांढऱ्या गुठळ्या दिसतील. घाबरू नका, ढवळत राहिलं की त्या विरघळतात.

ओतायच्या आधी फ्रीजमध्ये ठेवलेल्या स्टीलच्या चमच्यावर एक थेंब टाकून दोन मिनिटं थांबा. बोटाने घासल्यावर तो लोण्यासारखा पसरला तर जमलं. खरवडावा लागला तर तेल ५ ग्रॅम वाढवा, ओघळला तर मेण २ ग्रॅम. मग भांडं गार पाण्यात धरून ढवळा आणि मिश्रण जरा धुरकट दिसू लागलं की बरणीत ओता. झाकण पूर्ण गार झाल्यावरच लावा. गरम असताना लावलं तर झाकणाच्या आतून वाफेचे थेंब पडतात, आणि बुरशी नेमकी तिथूनच सुरू होते.

दोन-चार दिवसांनी मलमात रव्यासारखे कण लागले तर कोकमाचं तेल सावकाश थिजलं आहे. पुन्हा वितळवा आणि या वेळी गार पाण्यात झटपट थंड करा. वर तेल सुटलं तर मेण कमी पडलं. जुन्या फरसाणासारखा वास आला तर टाकून द्या, ते वाचवायच्या भानगडीत पडू नका. कोरड्या चमच्याने काढलं तर मलम सहा महिने टिकतं; बोटं बुडवली की ते गणित चुकतं. बरणीवर तारीख लिहा.

प्रमाण ऋतूप्रमाणे हलवा. सांगली, मिरज, जतच्या एप्रिल-मेमध्ये मेण १८ आणि खोबरेल ४७ करा. महाबळेश्वरच्या थंडीत खोबरेल थिजतं, तेव्हा मेण १०, सूर्यफूल ३०, खोबरेल ४५, कोकम तेवढंच. उन्हाळ्यात जाड थर दिला तर घामोळं उठतं, म्हणून दिवसा पातळ आणि रात्री भरपूर.

वापरण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी दिवसातून दोनदा, सात दिवस लावून बघा. पहिल्या दिवशी काही झालं नाही म्हणजे पास, असं नसतं. आंघोळ कोमट पाण्याने, पाच ते दहा मिनिटं. पंचाने टिपायचं, घासायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच तीन मिनिटांत मलम लावायचं. कोरड्या कातडीवर लावलं तर कोंडायला आत पाणीच नसतं. केसांच्या दिशेने हात फिरवा, उलट चोळलं की मुळाशी पुटकुळ्या येतात. अंगभर इसब असलेल्या माणसाला आठवड्याला पाव किलो मलमही लागू शकतं, त्यामुळे १०० ग्रॅमची बरणी वर्षभर पुरली असेल तर वापर कमी पडतोय. डॉक्टरांनी दिलेली स्टेरॉइडची ट्यूब या बरणीत मिसळू नका. ती चट्ट्यावर वेगळी लावा, अर्ध्या तासाने मलम.

शतधौत घृताबद्दल विचारणारे पुष्कळ असतात. गाईचं साजूक तूप तांब्याच्या परातीत घेऊन, दरवेळी गार पाणी घालून चोळायचं, पाणी ओतायचं, असं शंभर वेळा. सगळा दिवस जातो, पण पिवळं रवाळ तूप पांढरंशुभ्र, फेसासारखं हलकं होतं. हाताला छान लागतं. मात्र त्यात पाणी अडकून राहिलेलं असतं, त्यामुळे थोडंच करा, काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन आठवड्यांत संपवा. ओल्या जखमेवर तेही नको.

चट्ट्यातून पाणी गळत असेल, पिवळे पापुद्रे धरत असतील, ताप असेल किंवा एकसारखे बारीक दुखरे फोड उठले असतील तर बरणी बाजूला ठेवून त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. एरवी सांभाळायचं ते विस्तवापासून: मलम मुरलेली ओढणी, चादर चटकन पेट घेते आणि साध्या धुण्याने ते तेल पूर्ण निघत नाही. चुलीपुढे किंवा गॅससमोर जाताना असा कपडा अंगावर नको. न्हाणीघरातली फरशीही रोज घासा, ती चांगलीच निसरडी होते.