सुरण लावा, पण शेवळाचा कंद राखा
वळवाच्या सरी पडल्या की पालघर-रायगडकडच्या माळांवर आणि बांधांवर शेवळं ही रानभाजी डोकं काढते. त्याच सुमारास परसातल्या जुन्या सुरणालाही फूल येतं. दोन्ही कंद एकाच कुळातले, दोघांनाही आधी फूल आणि मग पान. पण काढणीची रीत अगदी उलटी. सुरण खणून घ्यायचा, शेवळाला खणती लावायची नाही.

शेवळाचा कोंब, म्हणजे त्याचं न उमललेलं फूल, सडपातळ, लांब दांड्यावर उभा. सुरणाचं फूल बुटकं, रुंद, जमिनीला टेकलेलं, उमललं की कुजक्या मांसासारखा वास मारतं. पान आल्यावर दांड्यावरून बोट फिरवा: सुरणाचा खरखरीत लागतो, शेवळाचा गुळगुळीत.

सुरणाची लागवड मिरगाच्या आत उरका. बेणं अर्धा ते एक किलोचं घ्या आणि कापताना प्रत्येक फोडीला मधल्या डोळ्याचा भाग येईल असं बघा. फोडी शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवा. अंतर ९० सेंटीमीटर, खड्ड्यात कुजलेलं शेणखत, वर पाल्याचं आच्छादन. पाणी साचू देऊ नका, बुंधा कुजतो. ‘गजेंद्र’ जात फारशी खाजत नाही, विक्रीला तीच बरी. पानं पिवळी पडून माना टाकेपर्यंत काढणी नको.

शेवळाला लागवड लागत नाही, त्याला राखण लागते. न उमललेले कोंब जमिनीलगत कापा, उपटू नका. प्रत्येक जागी काही कोंब सोडून द्या, त्यांना फळं धरतील आणि पाखरं बी पसरवतील. खरा घात होतो तो पुढे, जुलैत. कोंब काढून झाला की त्या जागेकडे कुणी बघत नाही, आणि कलमांखालचं गवत काढताना ग्रासकटर त्याच्या पानावरून फिरतो किंवा तणनाशक पडतं. जुना कंद दर पावसाळ्यात आटतो आणि त्याच्या जागी पानाच्या जोरावर नवा भरतो. पान गेलं तर पुढच्या वर्षीचं शेवळ गेलं. म्हणून आताच, कोंब दिसताहेत तोवर, तिथे काठी रोवून ठेवा. हे झाड मुळात सह्याद्रीच्या पट्ट्यातलंच. इथे संपलं तर दुसरीकडून आणायचं कुठून?

बाजारात शेवळाच्या जुडीसोबत काकडं, म्हणजे काकड झाडाची आंबट फळं, जरूर द्या. नव्या गिऱ्हाइकाला सांगा, आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाका आणि काकडांच्या रसात किंवा चिंचेत शिजवा, नाहीतर घसा खाजेल.