नफा दिसतो, मग पैसा कुठे आहे? आर्थिक पत्रके वाचताना या चुका टाळा

हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत वर्षानुवर्षे उत्पादन सांभाळलेला अभियंता बढती मिळून व्यवस्थापनात येतो, किंवा धंतोलीतील एखादे डॉक्टर रुग्णालयात भागीदारी घेण्याचा विचार करतात, तेव्हा ताळेबंद (मालमत्ता आणि देणी यांचा तक्ता), नफा-तोटा पत्रक आणि रोख प्रवाह पत्रक पहिल्यांदाच गांभीर्याने वाचण्याची वेळ येते. लेखाशास्त्र न शिकल्याची धास्ती वाटते खरी, पण यातील गणित बेरीज-वजाबाकीच्या पुढे फारसे जात नाही. बहुतेक चुका होतात त्या एकेक आकडा सुटा वाचून त्यावर मत बनवल्यामुळे.

सर्वांत महागात पडते ती नफा म्हणजे हातात आलेला पैसा असे समजण्याची चूक. माल ग्राहकाच्या ताब्यात गेला की विक्री नोंदली जाते, मग पैसे सहा महिन्यांनी का येईनात. समजा, हिंगण्यातील एका कंपनीचा करोत्तर नफा १ कोटी २० लाख रुपये आहे आणि घसारा, म्हणजे यंत्रे-इमारतींच्या झिजेपोटी दाखवलेला खर्च, ३० लाख आहे. घसाऱ्यापोटी रोख रक्कम बाहेर जात नाही, म्हणून तो नफ्यात मिळवला की १ कोटी ५० लाख होतात. आता दोन वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवले, तर ग्राहकांकडील उधारी १ कोटी ४० लाखांनी आणि मालाचा साठा ३५ लाखांनी वाढलेला दिसतो, तर पुरवठादारांचे देणे फक्त १० लाखांनी वाढले आहे. उधारी आणि साठ्यात रोख अडकते, तर वाढलेल्या देण्यामुळे तेवढी हातात राहते; तसा हिशेब केला तर धंद्यातून रोख आलीच नाही, उलट १५ लाख गेले. त्यात कर्जाच्या मुद्दलाचे ४० लाख फेडले असतील, तर ती रक्कम नफा-तोटा पत्रकात कुठेच दिसणार नाही, कारण तिथे फक्त व्याज येते. म्हणजे नफ्यात असलेल्या कंपनीला ५५ लाखांची तूट बहुधा बँकेच्या कॅश क्रेडिटमधून, म्हणजे रोजच्या व्यवहारासाठीच्या कर्जातून, भरून काढावी लागली.

उधारी वाढलेली दिसली की ती किती जुनी आहे हे लगेच पाहावे. कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची ३ मध्ये, म्हणजे कंपन्यांच्या आर्थिक पत्रकांचा नमुना ठरवणाऱ्या भागात, २०२१ साली झालेल्या दुरुस्तीमुळे सहा महिन्यांच्या आतील उधारीपासून तीन वर्षांहून जुन्या उधारीपर्यंतचा तक्ता नोट्समध्ये (पत्रकांना जोडलेल्या टिपांमध्ये) द्यावा लागतो आणि वादातील रक्कम वेगळी दाखवावी लागते. छोट्या कंपन्यांना रोख प्रवाह पत्रक न देण्याची मुभा आहे. तिथे वर केला तसा हिशेब स्वतःच मांडावा लागतो.

‘राखीव निधी व अधिशेष’ या शब्दांनी तर भलेभले फसतात. कंपनीकडे १२ कोटींचा राखीव निधी असताना ती कर्ज कशाला काढते, हा प्रश्न बैठकांमध्ये हमखास येतो. हा निधी कुठल्या तिजोरीत पडलेला नसतो. आजवर मालकांना न वाटलेल्या नफ्याचा तो मुख्यतः हिशेब असतो आणि तो पैसा केव्हाच यंत्रे, साठा आणि उधारीत गेलेला असतो. रोख किती आहे हे मालमत्तेच्या बाजूला, ‘रोख व रोखसममूल्य’ या ओळीत पाहावे. बँकेतील मुदत ठेवी बँक हमीपोटी अडकलेल्या आहेत का, हेही नोट्समध्ये तपासावे.

ताळेबंद ३१ मार्च या एकाच दिवसाचा असतो, हे माहीत असूनही वाचताना विसरले जाते. विदर्भातील जिनिंग-प्रेसिंगचा धंदा घ्या. डिसेंबर-जानेवारीत कापसाची खरेदी जोरात असते आणि बँकेचे कर्ज शिगेला पोहोचते. मार्चअखेर बराच माल विकला गेला, तर तेच कर्ज माफक दिसते. ताळेबंदात कर्ज २ कोटी आणि नफा-तोटा पत्रकात व्याज मात्र ६० लाख, असे असेल तर व्याजाचा दर ३० टक्के निघतो, जो बँकेचा असणे शक्य नाही. दर १० टक्के धरला, तर वर्षभरातील सरासरी कर्ज ६ कोटींच्या आसपास असावे. ही साधी भागाकाराची पडताळणी मला अनेक गुणोत्तरांपेक्षा उपयोगी वाटते.

नफा अचानक वाढला असेल, तर ‘इतर उत्पन्न’ आणि ‘अपवादात्मक बाबी’ या ओळी आधी वाचाव्यात. वर्धा रोडवरची जमीन विकून आलेला नफा दरवर्षी येत नसतो.

आकडे लाखांत आहेत की कोटींत, हे पानाच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलेले असते. पत्रके स्वतंत्र कंपनीची आहेत की समूहाची एकत्रित, हेही तिथेच कळते. नागपुरात मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स ही कोल इंडियाची उपकंपनी आहे. तिचे आकडे कोल इंडियाच्या एकत्रित पत्रकांतही मिसळलेले असतात, त्यामुळे एका वर्षी एक आणि दुसऱ्या वर्षी दुसरे पत्रक घेऊन केलेली तुलना निरर्थक ठरते.

लेखापरीक्षकांचा अहवाल कंटाळवाणा असतो, म्हणून तो वगळू नये. मतात ‘क्वालिफाइड’ हा शब्द असेल, तर ती पात्रतेची पावती नसून कुठल्या तरी मुद्द्यावर त्यांनी घेतलेला आक्षेप असतो. संभाव्य देण्यांच्या नोटमध्ये करांचे वाद आणि भगिनी कंपनीच्या कर्जाला दिलेली हमी सापडते. ताळेबंदाच्या बेरजेत मात्र यांतले काहीच धरलेले नसते.

भागीदारी संस्थेला अनुसूची ३ लागू नाही, त्यामुळे रुग्णालयात पैसे गुंतवणाऱ्या डॉक्टरांनी विमा कंपन्यांकडील थकबाकी किती जुनी आहे याची यादी आणि कर्जांची खातेनिहाय विवरणपत्रे मागून घ्यावीत. ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता) असा शिक्का असलेल्या ताळेबंदावर निर्णय घेऊ नये. लेखापरीक्षित म्हणून दिलेल्या अहवालावर सनदी लेखापालाच्या सहीसोबत १८ अंक-अक्षरांचा यूडीआयएन, म्हणजे त्या दस्तऐवजाचा ओळख क्रमांक, असतो. तो सनदी लेखापाल संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही पडताळता येतो आणि त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.