फिशटँकचा हीटर बिघडला? आधी पाणी मोजा

बेळगावात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १३-१४ अंशांपर्यंत उतरतो. कौलारू घरात, शहाबादी फरशीवर ठेवलेल्या टाकीतले पाणी पहाटे १८-१९ अंशांवर येते. गोल्डफिशचे त्यात काही बिघडत नाही, त्याला हीटर नकोच. गप्पी, मॉली, एंजल, फायटर यांना मात्र २४ ते २७ अंश लागतात. पाणी एकदम गार झाले की मासे तळाला बसतात, खाणे सोडतात आणि बऱ्याचदा चार-सहा दिवसांत अंगावर पांढरे ठिपके येतात.

अशा वेळी हीटर बाद म्हणून नवा आणण्याची घाई होते. आधी थर्मामीटर बघा, तोही काचेवर चिकटवायची पट्टी नव्हे. ती पट्टी निम्मे खोलीचेच तापमान सांगते. पाण्यात बुडणारा साधा काचेचा थर्मामीटर हीटरपासून लांबच्या कोपऱ्यात लावा आणि पहाटे, दुपारी, रात्री असे तीनदा आकडा लिहून ठेवा. हीटरच्या चकतीवर २६ लिहिले म्हणजे पाणी २६ झाले असे नसते. दोन-तीन अंशांचा फरक नव्या हीटरमध्येही सापडतो. चकती थर्मामीटर बघून फिरवायची.

हीटरची ताकद पुरते का, हेही तपासा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत वाळू-दगड वजा जाता साधारण ४५ लिटर पाणी राहते. १०० वॅटच्या हीटरला एवढे पाणी १ अंश तापवायला कागदावर अर्धा तास लागतो. टाकीच्या काचेतून उष्णता जात असते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त. १९ वरून २६ वर यायला पाच-सहा तास लागले तर हीटरला दोष देऊ नका. लिटरमागे १ वॅट हा ढोबळ हिशेब. आपल्याकडच्या थंडीत, टाकीवर झाकण नसेल तर दीड धरावा.

खेडेगावात एक कारण हमखास विसरले जाते, ते व्होल्टेज. थ्री फेज आला की शेतावरच्या मोटारी एकदम सुरू होतात आणि घरातला बल्ब पिवळा पडतो. २३० चे १८० व्होल्ट झाले की १०० वॅटचा हीटर जेमतेम ६० वॅटचे काम करतो. तिथे तेवढ्याच वॅटचा हीटर बदलून उपयोग नाही, एक मोठा घ्या किंवा जोडीला दुसरा लावा.

आता खुद्द हीटर. लाल दिवा लागला म्हणजे आतली तार तापते, हा समज काढून टाका. काही हीटरांत दिवा वेगळ्या जोडणीवर असतो, तार तुटली तरी तो पेटतो. हीटर चालू असताना त्याच्या वरच्या टोकाजवळ बाहेरूनच निरखून बघा. तापलेल्या पत्र्यावर हवा लहरते तसे पाणी थरथरताना दिसले तर तो चालू आहे. दिसले नाही तर बटण बंद करून प्लग काढा, चकती सर्वांत जास्त अंशावर फिरवा आणि मल्टीमीटर ओहमवर ठेवून प्लगच्या दोन पिनांवर लावा. १०० वॅटला ५३० ओहमच्या आसपास, २०० वॅटला २६५, ५० वॅटला हजारच्या थोडे वर आकडा यायला हवा. काहीच आकडा येत नसेल तर तार तुटली किंवा थर्मोस्टॅटचा (ठरल्या तापमानाला हीटर चालू-बंद करणाऱ्या भागाचा) पॉइंट जुळत नाही. दोन्ही घरी दुरुस्त करण्याच्या गोष्टी नाहीत.

बंद पडलेल्या हीटरपेक्षा बंदच न होणारा हीटर वाईट. पॉइंट ठिणग्यांनी जळून एकमेकांना चिकटतो आणि पाणी ३४-३५ वर गेले तरी दिवा विझत नाही. मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो. प्लग काढा, झाकण उघडा, हवेचा पंप पूर्ण सोडा, दहा-पंधरा टक्के पाणी काढून क्लोरीन गेलेले थोडे गार पाणी हळूहळू घाला. बर्फ टाकू नका. तासाला एक-दीड अंश उतरला तरी पुरे. असा हीटर चिकटला तर सुटेल या आशेवर पुन्हा लावायचा नाही. मोठ्या टाकीत २०० च्या एका हीटरऐवजी १०० चे दोन लावावेत ते याचसाठी: एक चिकटला तरी एकटा पाणी उकडू शकत नाही, एक मेला तरी दुसरा रात्र काढतो.

काचेच्या आत दव किंवा थेंब दिसला तर हीटर सरळ टाकून द्या. एमसील लावून चालवणे म्हणजे पाण्यात करंट सोडणे. जुन्या घरांत अर्थिंगचा पत्ता नसतो, म्हणून टाकीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, बसवून घ्या. वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवून मग वर न्या, म्हणजे ओघळणारे पाणी खाली गळेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. पाण्यात हात घालण्याआधी प्लग बाहेर, दरवेळी.

काच तडकण्याचे कारण बहुधा आपणच असतो. पाणी बदलताना हीटर चालू राहतो, पातळी खुणेच्या खाली जाते, उघडी काच तापते आणि वर गार पाण्याची बादली पडते. बंद केल्यावर वीस मिनिटे थांबून मग पाणी काढा. नवा हीटरही पाण्यात वीस मिनिटे ठेवून मगच बटण दाबा. वाळूत पुरू नका, फिल्टरच्या धारेजवळ आडवा किंवा तिरका लावा.

रात्री लाइट गेली तर हीटर इन्व्हर्टरवर टाकू नका, बॅटरी लवकर बसते. तीन-चार वॅटचा हवेचा पंप तेवढा चालू द्या आणि टाकीला तिन्ही बाजूंनी घोंगडे गुंडाळा.

शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत गेली की हीटर काढता येतो. खानापूर-जांबोटीकडे मात्र जून-जुलैच्या झडीत पुन्हा लागतो, माळ्यावर फार आत टाकू नका. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर काचेवर बसला असेल तर प्लगची बाजू कोरडी ठेवून काचेचा भाग व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवा, मऊ फडक्याने पुसा, साध्या पाण्याने धुवा. वायर सैल गुंडाळा, काचेभोवती आवळू नका.