एक्सपीची जुनी लॉगिन चौकट कशी उघडायची

माझ्याकडे विंडोज एक्सपीचा एक संगणक अजून चालू आहे. जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर पुढच्या कुठल्याच विंडोजवर चालला नाही, म्हणून जपून ठेवलाय. मध्यंतरी माझं युजर अकाउंट बिघडलं. नावावर क्लिक करायचं, क्षणभर थांबायचं, की पुन्हा वेलकम स्क्रीन (युजरची नावं आणि चित्रं दाखवणारा सुरुवातीचा पडदा) हजर. दुरुस्तीसाठी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर (सगळे अधिकार असलेलं मुख्य अकाउंट) हवा होता आणि चित्रांच्या त्या यादीत तो दिसतच नव्हता.

तो असतो, फक्त लपवलेला असतो. दुसरं एखादं अ‍ॅडमिन अकाउंट बनवलं की एक्सपी त्याला यादीतून काढते. वेलकम स्क्रीनवर कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरा आणि डिलीट लागोपाठ दोनदा दाबा. नाव आणि पासवर्ड टाइप करायची जुनी चौकट समोर येईल. नावाच्या जागी इंग्रजीत 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' लिहा, पासवर्ड द्या, एंटर. कुणी आधीच लॉग ऑन असेल तर ही युक्ती चालत नाही; संगणक रीस्टार्ट करून मग करा. पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जात असेल तर आधी कॅप्स लॉक बघा.

हे प्रोफेशनल आवृत्तीचं झालं. होम एडिशनमध्ये हे अकाउंट फक्त सेफ मोडमध्ये (विंडोज अगदी गरजेपुरत्या गोष्टींवर चालवायची पद्धत) उघडतं. चालू होताना एफ-८ दाबत राहा आणि सेफ मोड निवडा. तिथे पासवर्ड बहुधा रिकामाच असतो, आणि मला ही गोष्ट खरोखर धोक्याची वाटते. आत गेलात की आधी पासवर्ड घाला.

जुनी चौकट कायम हवी असेल तर कंट्रोल पॅनेल, युजर अकाउंट्स, 'चेंज द वे युजर्स लॉग ऑन ऑर ऑफ' इथे जा आणि 'यूज द वेलकम स्क्रीन'समोरची खूण काढा. त्याबरोबर फास्ट युजर स्विचिंगही (लॉग ऑफ न करता दुसऱ्या युजरकडे जायची सोय) बंद होतं. मी तसंच ठेवलंय, कारण समोर बसणाऱ्याला घरातल्या सगळ्यांची नावं आयती दिसत नाहीत.

एक मात्र कळकळीने सांगतो. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरमधून दुसऱ्याचा पासवर्ड लगेच रीसेट करू नका. त्याने विंडोजच्या सोयीने एन्क्रिप्ट (सांकेतिक रूपात कुलूपबंद) केलेल्या फाइली असतील तर रीसेटनंतर त्या उघडत नाहीत, साठवलेले पासवर्डही जातात. मी आधी नवं अकाउंट बनवलं, जुन्या प्रोफाइलमधल्या फाइली त्यात कॉपी केल्या, एकेक उघडून पाहिली आणि मगच जुनं अकाउंट काढलं.