छोट्या विमानाने निघताय? या चुका टाळा

छोट्या विमानात बसणाऱ्यांची सगळ्यात घातक चूक म्हणजे पायलटच्या मागे लागणं. "मुहूर्त टळेल", "सभेला लोक ताटकळलेत", "एवढ्याशा ढगाला काय घाबरायचं" ही वाक्यं सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावर तोंडातून काढूच नका. ढगात शिरलं की क्षितिज दिसेनासं होतं आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा चक्क फसवते. विमान कललेलं असतं, आपल्याला मात्र सरळच चाललोय असं वाटतं. केवळ उपकरणं पाहून उडवण्याचा सराव नसेल, तर पायलटचा ताबा काही मिनिटांत सुटू शकतो. ३० सप्टेंबर २००१ ला काँग्रेस नेते माधवराव शिंदे सभेसाठी कानपूरला निघाले होते. खराब हवामानात त्यांचं छोटं विमान मैनपुरीजवळ कोसळलं, आतले आठही जण गेले.

दुसरी चूक खास आपल्याकडची: मे महिन्यात भर दुपारची वेळ मागणं. सोलापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण ४८० मीटरवर आहे. पण पारा ४२ ला गेला की हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या लेखी ते महाबळेश्वरच्याही वर, दीड हजार मीटरच्या पुढे उभं असतं. इंजिनाची ताकद घटते, पंखांना उचल कमी मिळते, धावपट्टी जास्त लागते. सकाळी लवकर निघा.

त्यात वजन लपवू नका. चार सीटच्या सेसना १७२ मध्ये टाकी फुल्ल असेल तर चार धडधाकट माणसं बहुधा वजनाच्या मर्यादेत बसतच नाहीत. पाहुण्यांसाठी घेतलेल्या चादरींचा गठ्ठा आणि शेंगाचटणीचे डबेही काट्यावर ठेवा. सगळं शेपटीकडे कोंबलं तर तोल मागे जातो आणि वेग पडल्यावर विमान सावरणं अवघड होतं.

उड्डाणाआधी पायलट पंखाखालून थोडं इंधन पारदर्शक नळीत काढून उजेडात धरतो. तळाशी पाणी साचलंय का, ते तो बघत असतो. तेव्हा त्याच्याशी गप्पा मारू नका, सेल्फीही नको.

ओळखीतलं खासगी विमान 'डिझेलपाण्याच्या खर्चात' मिळतंय म्हणून भुलू नका. भाड्याने प्रवासी न्यायला डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो. तो आधी मागून बघा.

आणि ठरवतानाच लेखी घ्या: हवामानामुळे उड्डाण रद्द झालं तर पैशांचं काय? पुण्याला जायचं असेल तर गाडी तयार ठेवा, म्हणजे पायलटच्या 'नाही'वर वाद घालायची वेळ येणार नाही.